चरकासमोरचा हात

राजारामपुरीतल्या एका कार्यालयात नव्या यंत्रांच्या संशोधनाला सरकारी अनुदान देणारी समिती बसली होती. बाहेर बाकावर शिवगंगा आपल्या नंबरची वाट बघत होती. शेजारी एक मुलगी आणि तिचे वडील होते, पायाशी उसाचा छोटा चरक. माणसाचा हात जवळ आला की तो आपोआप थांबतो, एवढं शिवगंगाला त्यांच्या बोलण्यातून कळलं होतं.

"आबा, हात घालायचा न्हाय. बोटाच्या जागी गाजर घालून दाखवूया."

"गाजर बघून कोण इस्वास ठेवंल, साक्षी? मी हातच घालतो."

"काल थांबला न्हाय त्यो."

"एकदाच की."

"गाजराचं काय झालं बघितलंसा न्हवं?"

"बघितलं."

"मग?"

"अनुदान न्हाय मिळालं तर तुझं वर्कशॉप बंद पडंल. मला त्येचं भ्या वाटतंय."

"आन् मला तुमच्या बोटांचं."

तेवढ्यात आतून साक्षीचं नाव पुकारलं. आबांनी चरक उचलला. दोघं आत गेली, पण दार नीट लागलं नाही. फटीतून आबा बाही वर सारताना दिसले, तशी शिवगंगा बाकावरून उठली.

"चालू करू का, सायेब?"

"थांबा आबा! सर, ह्यो चरक काल एकदा थांबला न्हाय. का, ते मला अजून सापडलं न्हाय. त्येच शोधायला अनुदान पायजे."

आत खुर्ची सरकली.

"आधी तो प्लग काढा," कुणीतरी म्हणालं. "आता बसा, आणि कालचं सगळं सांगा."