क्रमांक ४४ समोरील खुर्चीबाबत

दिनांक ५ फेब्रुवारी

नाव नॉर्बर्ट गॅफ्नी, वय ५६ वर्षे, धंदा साप्ताहिकाचा वार्ताहर, राहणार ४१, टॅनर गल्ली, पोर्ट हॅलोरन.

मी पोलीस ठाण्यात स्वतः येऊन सांगतो की, वरील पत्त्यावर मी एकोणीस वर्षे एकटा राहतो. मला बोलावणे नव्हते. माझ्या समोरच्या घरात, क्रमांक ४४ मध्ये, श्रीमती विल्मा सोबोटका, वय ७४, राहत होत्या. त्यांच्या दारासमोरची खुर्ची कोणी हलवली, याबाबत त्यांच्या कन्येने फिर्याद दिली असून तिचा संशय शेजारी डेल रुडनिक यांच्यावर आहे. त्यासंबंधी मला माहिती आहे.

टॅनर गल्ली पुढे बंद आहे. त्यामुळे नगरपालिकेची बर्फ लोटणारी गाडी अख्ख्या गल्लीचे बर्फ गोळा करीत येते आणि टोकाला, म्हणजे ४४ समोर, टाकून मागे फिरते. १२ जानेवारीच्या वादळानंतर तेथे सात फुटांचा ढीग झाला. सोबोटकाबाईंना मंगळवार, गुरुवार, शनिवार असे आठवड्यातून तीनदा डायलिसिसला जावे लागे. रुग्णांची गाडी सकाळी ६.४० ला येई. चाकांच्या खुर्चीवर बसलेला माणूस आत घेण्यासाठी त्या गाडीला बाजूची फळी खाली टाकावी लागते आणि फळीला रिकामी जागा लागते.

१३ ते २६ जानेवारी या काळात मी नगरपालिकेच्या तक्रार क्रमांकावर सात वेळा फोन केला. तेथे ध्वनिमुद्रित बाई बोलते. बर्फासाठी एक दाबावे लागते. मी एक दाबला. प्रत्येक वेळी काही मिनिटांत निरोप आला की, आपल्या गल्लीतून बर्फाची गाडी आज पहाटे गेलेली आहे, सबब आपल्या तक्रारीचे निराकरण झाले आहे. गाडी गेली होती हे खरेच आहे. ढीग तिनेच केला होता.

वाट न पाहता १३ जानेवारीलाच मी आणि डेल रुडनिक यांनी फावड्यांनी जागा मोकळी केली. चार तास लागले. आमच्या गावी स्वतः खणलेल्या जागेत खुर्ची ठेवली की ती जागा खणणाऱ्याची. कोणी तेथे मोटार लावत नाही आणि बर्फगाडीचे चालकही खुर्चीला वळसा घालून जातात. कायद्यात हे कोठेही नाही. कायद्यातले काही इतके पाळले गेल्याचे माझ्या पाहण्यात नाही. सोबोटकाबाईंनी स्वयंपाकघरातली पिवळ्या बैठकीची खुर्ची दिली, ती मी ठेवली.

त्या वेळी रुडनिक म्हणाले, "एवढी ऐसपैस जागा एका खुर्चीला? आणि माझा ट्रक काय मी खिशात घालू? एक दिवस उडवतो बघा ही खुर्ची." हे शब्द गल्लीत सर्वांनी ऐकले. संशयाचे मूळ तेच आहे. परंतु त्यावर सोबोटकाबाई खिडकीतून म्हणाल्या, "डेल, तोंड चालवतोस तेवढं फावडं चालव रे!" आणि रुडनिक हसले आणि त्यांनी चालवले, हे कोणी सांगितलेले दिसत नाही. नंतरही रोज कामावर जाताना खुर्चीवरचे बर्फ ते झटकीत, हे मी खिडकीतून पाहिले आहे.

(या ठिकाणी सार्जंट टेबेट यांनी मला सांगितले की, "गॅफ्नी, हा तुमचा पेपर नाही. वेळ सांगा, काय घडलं ते सांगा.")

सोमवार २७ जानेवारी, दुपारी १२ वाजून ५ मिनिटे. ढीग खचून जागेत येऊ लागला होता. मी आठव्यांदा फोन केला. एक दाबून उपयोग नाही हे मी जाणून होतो. रस्त्यातील अडथळ्यासाठी चार दाबावे लागते आणि चारला माणूस उचलतो, अशी माहिती मला व्यवसायामुळे होती. या युक्तीचा मला अभिमानही वाटला. मी चार दाबला. खरोखर माणसाने उचलला.

तो म्हणाला, "अडथळा कुठं आहे साहेब?"

मी म्हणालो, "टॅनर गल्लीचं टोक. चव्वेचाळीससमोर."

"बर्फ असेल तर एक दाबा हं."

मी म्हणालो, "बर्फ कोण म्हणतंय? अडथळा आहे. मोठा आहे. जाऊन बघितलंत की दिसेलच. आजच्या आज उचला."

सायंकाळी ४.२० ला निरोप आला : अडथळा हटवला. सहकार्याबद्दल आभार. मी त्या वेळी कचेरीत होतो. मी उलट आभार पाठवले. घरी आलो तेव्हा अंधार होता. मी पलीकडे पाहिले नाही.

मंगळवार २८ रोजी पहाटे ५ वाजता बर्फगाडी आली. तिला वळसा घालण्यासारखे काही नव्हते. ६.४० ला रुग्णांची गाडी आली, नियमाप्रमाणे पाच मिनिटे थांबली आणि 'प्रवासी पोहोचू शकला नाही' अशी नोंद करून गेली. मी सहालाच निघालो होतो. नगराध्यक्षांची पत्रकारांसोबत न्याहारी होती. तेथे, या हिवाळ्यात बर्फाच्या शंभरपैकी चौऱ्याण्णव तक्रारींचे निराकरण झाले, असे जाहीर करण्यात आले. ती बातमी मीच दिली. त्यात माझ्या सात तक्रारी धरलेल्या आहेत.

दुपारी परतल्यावर मी पाहिले. रुडनिक एकटे खणत होते. सोबोटकाबाई दारातून म्हणाल्या, "असू दे रे बाबांनो. एक दिवस चुकला म्हणून काय होतंय? गुरुवारी जाईन." आम्ही अंधार पडेपर्यंत खणले. बर्फ गोठून दगड झाले होते. अर्धी जागाही निघाली नाही.

बुधवार २९ रोजी सकाळी ९ वाजता अग्निशामक दलाच्या चौघांनी त्यांना स्ट्रेचरवर घालून ढिगावरून नेले. गुरुवार ३० रोजी सकाळी ११.१० ला इस्पितळात त्यांचे निधन झाले.

सोमवार ३ फेब्रुवारीला अंत्यविधीनंतर चर्चच्या तळघरात जेवण होते. तेथे त्यांच्या कन्येने सर्वांसमोर विचारले, "आईची खुर्ची कुणी काढली? इथंच बसलाय ना तो?" सर्वांनी रुडनिक यांच्याकडे पाहिले. ते म्हणाले, "मी नाही काढली, बाई." दुसऱ्यांदा तेवढेच म्हणाले. मग कोट घेऊन निघून गेले. माझ्या हातात हॅमची बशी होती. मी खात होतो.

काल मी नगरपालिकेतून नोंदीची नक्कल आणली, ती सोबत जोडली आहे. हटवलेला अडथळा : खुर्ची, एक. ढिगाविषयी शेरा : बर्फ, आमच्या विभागाकडे नाही.

सार्जंट टेबेट यांनी मला समजावून सांगितले की, जे झाले त्याला कोणतेही कलम लागत नाही. ना पालिकेला, ना मला. ते मी ऐकले.

माझा जबाब मला वाचून दाखवण्यात आला. त्यात खुर्ची 'अज्ञात इसमाच्या सांगण्यावरून' हलवली गेली असे लिहिले होते. ते शब्द खोडून तेथे माझे पूर्ण नाव घालावे अशी मी विनंती केली. सार्जंट म्हणाले, "गरज नाही हो त्याची." मी पुन्हा विनंती केली. ते घातले आहे. आता जबाब बरोबर आहे. खाली माझी सही.

नॉर्बर्ट गॅफ्नी