उसवलेलं नाव

(आसामात ब्रह्मपुत्रेच्या काठचं गाव, बोहाग म्हणजे बिहूच्या सणाचा महिना. गायक दिगंत दुवराची आई जाऊन तीन दिवस झालेत. अंगणात दिगंत आणि त्याची थोरली बहीण रुनुमी; तो तिला बाइदेउ म्हणतो, ती त्याला भाइटी. फाटकाशी त्याचा ढोलवाला टंकेश्वर.)

रुनुमी : निदान भिजवलेले मूग तरी खा. कालपासून पोटात पाण्याशिवाय काही नाही.

दिगंत : तो अजून उभाच आहे का तिथं?

रुनुमी : टंकेश्वर? सकाळपासून. पार धुबरीहून लोक आलेत तुला बघायला. त्यांना तोच थोपवून धरतोय.

दिगंत : त्याला जायला सांग, बाइदेउ.

रुनुमी : तुझं तू सांग. नऊ वर्षांचे होतात तेव्हापासून बिहूला हुसरीची गाणी गात गावभर अंगणं तुडवलीत दोघांनी. तू गायचास, तो ढोल बडवायचा, आणि घरोघरी मिळालेला तांदळाचा पिठा मात्र तुझ्या वाट्याचाही तोच खायचा. आता मी मधे कशाला?

टंकेश्वर : बाइदेउ, मी इथूनच बोलतो. आत नाही येत. त्या संध्याकाळी याचा फोन माझ्याकडे होता. तू म्हणालीस, आईचं काही खरं नाही, भाइटीला लगेच पाठव. समोर मैदान माणसांनी भरलेलं, आणि हा रंगात आलेला. म्हटलं, दोन गाणी होऊ देत, मग कानात सांगू. मधेच उतरला असता तर लोकांनी मांडव मोडला असता.

दिगंत : मोडला असता तर मोडला असता! माझी आई गेली, टंक. मी कोसभरावर होतो आणि लोकांना टाळ्या वाजवायला सांगत होतो.

टंकेश्वर : दोनाची पाच झाली. लोक सोडेनात. मला माहीत होतं आणि तरी माझे हात वाजवत होते. मला शिव्या घाल, मारायचं तर मार. पण बोल तरी.

रुनुमी : मी बोलते. भाइटी, टंकनं तुझा अर्धा तास खाल्ला, हे खरं. बावीस बोहाग कुणी खाल्ले?

दिगंत : बोहागात चाळीस-चाळीस स्टेज असतात, तुला माहीत आहे. पहिली कॅसेट निघाली तेव्हा आईच म्हणाली होती, तू आता सगळ्यांचा झालास.

रुनुमी : म्हणाली होती. म्हणून मानुह बिहूला पाया पडायला येऊ नकोस, असं नव्हती म्हणाली. त्या दिवशी सगळ्या गावाची पोरं आपापल्या आयांपुढं गुडघे टेकतात. ही पहाटेच न्हाऊन फाटकाकडे तोंड करून बसायची.

दिगंत : गामोसा तर पाठवायचो ना, बिहूचं मानाचं वस्त्र म्हणून? दरवर्षी, ड्रायव्हरच्या हाती, न चुकता.

रुनुमी : न चुकता. गेल्या साली पाठवलास त्याच्या काठावर काय विणलेलं होतं, ठाऊक आहे? 'सोनापथार बिहू समितीकडून सादर सन्मान.' स्टेजवर तुझ्या गळ्यात घातलेला, तोच आईला.

दिगंत : गाडीत ढीग पडलेला असतो गं. मी म्हटलं असेन, वरचा काढून दे.

रुनुमी : वरचा. मोतीबिंदूचे डोळे घेऊन ती सुईनं दोन दिवस ते नाव उसवत बसली होती. मी ओरडले तर म्हणाली, "शेजारणी वाचतील ना गं. म्हणतील, लेकानं आईसाठी एक विणूनसुद्धा घेतला नाही." मग तोच खांद्यावर टाकून घरोघरी जाऊन आली. माझ्या दिगंतनं पाठवला म्हणून सांगत.

दिगंत : मला तेव्हाच का नाही सांगितलंस?

रुनुमी : शपथ घातली होती तिनं. तुझं गाणं बिघडेल म्हणून.

टंकेश्वर : गाडीतले गामोसे मीच रचतो, बाइदेउ. वर मीच ठेवला असेल तो.

रुनुमी : तू गप रे. गावातली सगळी पापं काय तुझ्याच नावावर चढवायचीत? आणि फाटकात उभा राहू नकोस, आत येऊन बस.

दिगंत : मी आता गाणार नाही.

रुनुमी : गा, नाहीतर नको गाऊस. तिला आता दोन्ही सारखंच.

दिगंत : एकच सांग. त्या संध्याकाळी वारा इकडचा होता. भोंग्याचा आवाज इथवर येत असणार. तिनं ऐकलं मला?

रुनुमी : ऐकलं.

दिगंत : मग?

रुनुमी : बरं वाटलं तिला. हसली. मूग खा आता.

दिगंत : खोटं बोलताना तू खांद्यावरच्या चादरीचं टोक पिळतेस, बाइदेउ. लहानपणापासून.

रुनुमी : माघापासून ती कुणाला ओळखत नव्हती. फोनवर सांगितलं होतं तुला. तू म्हणालास, बिहूचा हंगाम संपला की डॉक्टरला दाखवू. मी तिला न्हाऊ घालायची, तर मला विचारायची, तुम्ही कुठल्या गावच्या?

दिगंत : पण माझा आवाज? आवाज तरी ओळखला असेल.

रुनुमी : नको विचारूस.

टंकेश्वर : सांगून टाक, बाइदेउ. नाहीतर हा जन्मभर मनानंच काहीतरी रचत बसेल, आणि ते याहून वाईट असेल.

रुनुमी : याहून वाईट नाही असणार रे.

दिगंत : सांग.

रुनुमी : तुझं शेवटचं गाणं चाललं होतं. लोक 'पुन्हा, पुन्हा' ओरडत होते, तेही इथं ऐकू येत होतं. तिनं माझा हात धरला. म्हणाली, "पोरगं केव्हाचं गातंय गं, दमलं असेल. कुणाचं आहे? त्याला म्हणावं, पुरे आता, घरी जा. तुझी आई जेवायची थांबली असेल."