चितेगावचा पत्ता

तुम्हाला खोटं वाटेल, पण मी पप्पांसोबतच होते. आमच्या नव्या फ्लॅटचं कर्ज बँकेनं अडवलं, म्हणून पप्पांनी स्वतःचा क्रेडिट रिपोर्ट काढला. त्यात त्यांनी कधीच न घेतलेलं एक कर्ज होतं आणि चितेगावचा पत्ता. कोण राहतं ते बघू म्हणून आम्ही तिथं गेलो.

घराला कुलूप होतं. दारातल्या ड्रमवर पप्पांचं पूर्ण नाव रंगवलेलं होतं. टँकरच्या रांगेत ड्रम बदलू नयेत म्हणून सगळेच रंगवतात, तसं.

शेजारच्या मावशी म्हणाल्या, "भाऊ, आज लवकर आलात? टँकर नाय आला अजून."

"मावशी, मी इथं पहिल्यांदाच येतोय."

मावशी हसल्या. "व्हय, परवा बी असंच म्हणलात, अन् मग कुलूप काढून आत गेलात."