तीस ग्रॅम

—नाही, गाडीत नका बसून राहू, लिफ्टवर घ्यायचीय. उतरा तोरुनबाई, त्या स्टुलावर बसा. हां, थरथर नेमकी कुठं? स्टिअरिंगला? सीटला नाही ना? सीट हलली तर मागची चाकं, हात हलले तर पुढची — आणि ब्रेक दाबल्यावर वाढते? नाही. ऐंशीला सुरू, शंभरला कमी. वाटलंच. म्हणजे... वाटलंच असं नाही. बसा हो.

हे टायर मीच चढवलेत, आठवतंय की. अख्खा उन्हाळा तुमची बर्फातली हिवाळी चाकं माझ्या फळीवर होती, सगळ्या गावाची असतात तशी, वर तुमच्या नावाची चिठ्ठी. ऑगस्टपासून ती चिठ्ठी मी रोज वाचायचे. का म्हणजे? तुमचं पत्र आलं ना तेव्हा! बालसंरक्षणवाल्यांना धाडलेलं, माझ्या लेकीबद्दल काळजीचं पत्र, त्यांनी प्रत मला पाठवली — खाली सही, बालवाडीच्या मुख्याध्यापिका म्हणून. ‘ऊनाचे हात काळे असतात. अंगाला रबराचा वास येतो. आई एकटी, गॅरेज चालवते, चिडचिडी आहे.’ पाठ आहे मला. चिडचिडी तर आहेच मी, कोण नाही म्हणतंय — पण हात काळे का, हे एकदा विचारायचंत तरी! बालवाडीच्या दारात रोज भेटायचो आपण. टायरच्या खाचेतले खडे उकरायला आवडतात तिला. डबीत साठवायची, रंगांप्रमाणे लावून.

मग बालसंरक्षणाच्या दोघी घरी आल्या. चांगल्या होत्या, कॉफी घेतली, फ्रिज उघडून बघितला. आत ब्राऊन चीज, माशाचे गोळे आणि एक सुकलेली काकडी — ती काकडी मला अजून स्वप्नात दिसते. सात आठवड्यांनी एका ओळीत कळवलं, प्रकरण बंद. तुमच्याकडं बंद हो! माझ्याकडं ऊना दिवसातून वीसदा हात धुते. बोटांची सालं निघालीत. ‘आता स्वच्छ आहेत ना आई? आता मला नाही ना नेणार त्या?’ डबी तिनं स्वतःच कचऱ्यात टाकली.

इकडं या. घाबरता काय, या. रिमच्या आत ही चौकोनी खूण दिसते, स्वच्छ? इथं जस्ताचा तुकडा चिकटवलेला असतो, चाकाचा तोल सांभाळायला. तीस ग्रॅम. पडला? छे, असा नेटका नाही पडत. हा बघा — माझ्या खिशात आहे. तीन आठवडे आहे.

हो, मीच काढला. ट्रॉनहेमला इंजिनिअरिंग शिकलेली बाई मी — आणि हे! तुमचेही हात थरथरावेत असं वाटलं, ते पाकीट फोडताना माझे थरथरले तसे. रोज, कामावर जाताना, येताना. चाक निसटत नाही त्यानं, शपथ. नट दोनदा आवळले होते, आणि घरी जाऊन तिसऱ्यांदा मनातल्या मनात. माझी सुडाची ऐपत एवढीच. पण तीन आठवडे झोप छान लागली हं, खोटं कशाला बोलू.

काय? मागं कोण बसायचं? नात? रोज? — किती वर्षांची?

चार.

थांबा. बोलू नका जरा. तुकडा परत चिकटवते, तोलाचं मशीन फिरू दे. — शून्य. बघा, आकडा बघा, शून्य. आता नाही हलणार. नट आवळते. तुम्ही बघत उभ्या राहा, प्रत्येक नट बघा.

नाही, माफी नाही मागणार. पत्र लिहायचं तर लिहा, या वेळी सगळं खरं असेल, हवं तर मी मजकूर सांगते. पण उद्या सकाळी ऊना तुमच्या फाटकातून आत येईल, तेव्हा तिच्या हातांकडं बघायचं नाही. तोंडाकडं बघायचं. हसायचं. येतं ना?

आणि शंभर किलोमीटर झाले की नट तपासून घ्यायला परत यायचं. इथंच — दुसरं गॅरेज डोंगरापलीकडं आहे. हे मी सगळ्यांनाच सांगते.

दार उघडलंय. काढा गाडी.