जिन्याखालचा शिंपी

मागच्या बाकावरची कुजबुज टिपणारे बाईंचे कान काही त्यांच्यासोबत निवृत्त झाले नव्हते. बसच्या रांगेत त्यांच्यापुढे एक नवरा-बायको उभे होते, दिवसभर हे शहर पालथं घालून दमलेले.

“अगं, बदली घ्यायची की नाही, ते उद्या साहेबांना कळवायचंय. शहर कसं वाटलं, सांग ना एकदाचं!”

“कसले मेले रस्ते! निघालो तिथेच परत आलो.”

“ते मी नकाशा उलटा धरला म्हणून.”

“आणि ती घरमालकीण! मी एकटीच घर बघायला गेले, तर दाखवायच्या आधी विचारते, भांडता का म्हणून.”

“तू काय सांगितलंस?”

“रोज, पण हळू आवाजात.”

“मग?”

“म्हणाली, आमचंही तसंच.”

“थोडक्यात, तुला नकोय. बरं, नाही म्हणून कळवतो. तुझी हिरवी पिशवी कुठाय? पाणी दे.”

“बाटली माझ्या हातात आहे. पिशवी शिंप्याकडे टाकलीय, चेन बसवायला.”

“इथल्या शिंप्याकडे? कधी देणार?”

“पुढच्या महिन्यात. फार काम आहे त्याच्याकडे.”

“अगं, एका पिशवीसाठी एवढ्या लांब यायचं?”

“लांब कुठे? त्या घरमालकिणीच्या जिन्याखालीच तर बसतो तो.”