पाणीखात्यातली हळद

पाणी हा प्रत्येक नागरिकाचा मूलभूत हक्क आहे, असं पाणीखात्याच्या भिंतीवर ठळक अक्षरांत रंगवलं आहे. त्याच भिंतीला टेकून अंबरनाथकरांची तक्रारींची रांग उभी होती. माझ्या पुढे सखूबाई, खिडकीत क्लार्क देवदत्त.

“शनवारी माझे पोरीची हलद हाय, आन नलाला आठवडाभर पानी नाय.”

“मावशी, धरणातच पाणी नाही. हळद पुढे ढकला.”

“लगीन रविवारी हाय. नवऱ्याला पन ढकलू?”

“मग टँकर मागवा.”

“टँकरवाला फोन उचलत नाय. ठरलं मंग. हलद हितंच लावनार.”

“इथे? ऑफिसात?”

“तुझे टेबलासमोर पाट मांडते. बेंजो येल, सगला गाव येल. पोरीला तुमचे नलाखाली आंघोल घालनार.”

“साहेब चिडतील.”

“त्यांना पन हलद लावू, नाचवू.”

“पोलीस बोलवतील हो!”

“बोलव. जेवून जातील.”

रांगेत टाळ्या पडल्या. देवदत्त आत गेला आणि साहेबांना विचारून परत आला.

“लावा हळद, मावशी. साहेबांची हरकत नाही. फक्त पाणी घरून आणा. आमचा नळ सोमवारपासून कोरडा आहे.”