एकाच हातची वांगी

(नेवासा तालुका, १९७१. उसाच्या बांधाकडेला वांग्याच्या रोपांचे दोन वाफे. राहुरीच्या कृषी विद्यापीठातले दिघे, विधवा चांगुणा आणि तिचा धाकटा दीर कारभारी.)

कारभारी : आमी सांगत हुतो साहेब, गड्याच्या हातनं लावा. दादा गेल्यापास्नं वैनीनं लावलेली वांगी तीनदा पिळवटून गेली. गाव बोलतंय, हात बरा न्हाई.

चांगुणा : बोलताय तुमी, भावजी. गाव नुसतं ऐकतंय.

दिघे : म्हणूनच दोन्ही वाफे यांच्याच हातनं लावून घेतले. कारभारी, उसातल्या गवतावर औषध मारल्यावर पंप कुठे धुता?

कारभारी : हौदात.

दिघे : आणि वांग्यांना पाणी?

कारभारी : हौदातलं.

दिघे : तुमचे दादा कुठे धुवायचे?

कारभारी : पाटावर जायचे. लांब पडतंय.

चांगुणा : लिहून घ्या साहेब, लांब पडतंय.

दिघे : घेतलं. आता बघा. उजव्या वाफ्याला दहा दिवस हौदाचं पाणी तसंच दिलं. डाव्याला त्याच हौदाचं, पण पिंपात माझी माती घोळवून, गाळून.

कारभारी : राहुरीवरनं माती आनली? हितं काय कमी हाय का?

दिघे : तुमच्याच रानातली काळी माती आहे. प्रयोगशाळेत नेऊन तिच्यात साबणाच्या जातीचं एक रसायन मुरवलं, धुतली, वाळवली. पंपातून हौदात उतरलेल्या गवताच्या औषधानंच वांगी पिळवटतात; साध्या मातीतून ते निघून जातं. या मातीला चिकटून बसतं.

कारभारी : उजवी समदी वाकडी झाल्यात.

दिघे : हो.

कारभारी : डावी उभी हायेत.

दिघे : चाळिसांतली अडतीस.

कारभारी : दोन गेलीच ना मग!

दिघे : तुमच्या शेळीनं खाल्ली. तेही लिहिलंय.

चांगुणा : साहेब, मला दाखला द्या. हातात काई दोष न्हाई म्हनून.

दिघे : तसला दाखला आमच्याकडे मिळत नाही, बाई. मी अहवाल लिहितो. त्यात येईल, दोन्ही वाफ्यांची लागवड एकाच व्यक्तीनं केली.

चांगुणा : व्यक्ती म्हंजे कोन?

दिघे : अहवालात नाव घालत नाहीत.

चांगुणा : गाव बोलताना नाव घालतंय, साहेब.

दिघे : घालतो.

चांगुणा : लई दिस ऐकून ऐकून मलाबी खरं वाटाया लागलं हुतं. लेक बाळंत झाली सोनईला. दोन महिनं झालं. जाऊन आले मी, पन लेकरू उचललं न्हाई. ती म्हनली, आई, घे की. मी म्हनलं, कंबर दुखती.

दिघे : अहो, मग—

चांगुणा : कंबर काई दुखत न्हाई माझी.

कारभारी : वैनी.

चांगुणा : काय?

कारभारी : लुगडं बदलून घ्या. मी गाडीला बैल जुंपतो.